पिंपाआड

"ताई, कॅमेरा परत बंद पडला."

उन्मेषचा फोन आला तेव्हा मी डब्यात भाकरी दुमडून भरत होते. आमची सकाळ म्हणजे कॅनडात त्याची रात्र. जेवण आटोपलं की हातात मोबाईल घेऊन तो अप्पांना बघायला बसायचा.

"बघते," मी म्हटलं.

"आत्ता जाऊन बघ. मल्लिनाथ आत आहे का?"

"अप्पांची आंघोळ चाललीय. तोच घालतो, दुसरं कोण घालणार?"

"तेच तर म्हणतोय. तो आत असला की बरोबर तेव्हाच कॅमेरा कसा जातो?"

मी अप्पांच्या खोलीच्या दाराशी गेले. दार लोटलेलं होतं. आत तांब्याचा, पाण्याचा आवाज येत होता आणि अप्पा मल्लिनाथला कुठल्याशा घाटातल्या चौकीची गोष्ट सांगत होते. पावसाळ्यात झाडं भिजली की सेट कसा मुका व्हायचा, संदेश कसा अर्ध्यातच विरायचा. अप्पा पोलिसांच्या बिनतारी विभागात होते. ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली होती की आता ती कानावर पडली तरी आत जायची नाही.

"मल्लिनाथ, कॅमेऱ्याला हात लागला का तुमचा?" मी बाहेरूनच विचारलं.

"नाही ताई. त्या बाजूला मी गेलो पण नाही."

"दिवा लागलाय?"

"लागलाय की. निळा. लुकलुकायलाय बघा."

लुकलुकतोय म्हणजे वीज आहे, पण वायफाय मिळत नाही. एवढं मला एव्हाना पाठ झालं होतं. त्या वर्षी मला काय काय पाठ झालं, विचारू नका.

मी राउटर बंद करून चालू केला. काही उपयोग झाला नाही. उन्मेषला म्हटलं, "मला कामावर जायला उशीर होतोय, संध्याकाळी बघते." त्यानं फोन ठेवला. मीही डबा उचलला आणि निघाले. भांडायलासुद्धा अंगात त्राण लागतं.

अप्पांच्या खोलीत कोपऱ्यात मोरी होती. आदल्या उन्हाळ्यात तिथंच ते घसरून पडले. मी रक्तपेढीत नोकरीला, घरात तिसरं कुणी नाही. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि लग्न मोडून मी या घरात परत आले त्यालाही. दुपारी पडलेले अप्पा मी संध्याकाळी येईपर्यंत तिथंच फरशीवर होते. खुब्याचं हाड मोडलं होतं, हाका मारून मारून घसा बसला होता. हे उन्मेषला सांगितलं तेव्हा तो फोनवर रडला. चाळिशीचा माणूस, पण हुंदके देऊन रडला. मग लगेचच त्यानं तिकडून मागवलेला कॅमेरा घरी आला. खाटेच्या पायथ्याला औषधांची फळी होती, तिच्यावर तो मोरीकडं तोंड करून बसवला, कडेला खाटही दिसायची. जिथं पडले तिथंच नजर हवी, असं त्याचं म्हणणं. त्यात चूक काही नव्हतं.

ऑपरेशननंतर अप्पांना सांभाळायला माणसं आली आणि पळाली. अप्पा आंघोळीला अंगाला हातच लावू द्यायचे नाहीत. एकाला तर त्यांनी तांब्या फेकून मारला. टिकला तो मल्लिनाथ. पन्नाशीचा, पूर्वी चादरीच्या कारखान्यात होता, तो बंद पडल्यावर इस्पितळात वॉर्डबॉय झालेला. अप्पा शिव्या द्यायला लागले की तो मोरीच्या कठड्यावर बसून राहायचा. शिव्या संपल्या की म्हणायचा, "झालं का अप्पा? आता पाय पुढं करा." तो होता म्हणून मी कामावर जाऊ शकत होते. तो गेला असता तर नोकरी सोडून घरी बसणं किंवा अप्पांना कुठंतरी नेऊन ठेवणं, एवढंच माझ्या हातात होतं.

आंघोळ मात्र त्याच्याकडूनही अप्पा रोज करून घ्यायचे नाहीत. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं. अप्पांच्या दाराबाहेर दोन मोठी निळी पिंपं होती, ती मल्लिनाथ काठोकाठ भरून ठेवायचा. पाणी आलं की एक-दोन दिवस अप्पा आनंदानं प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे, डोक्यावरून पाणी घ्यायचे, पाठ चोळून घ्यायचे. पिंपं खाली जायला लागली की मग "नको, राहू दे" सुरू. मला वाटायचं, जुना माणूस आहे, पाण्याची काटकसर करतोय.

सुरुवातीला उन्मेष त्या कॅमेऱ्यातून बोलायचासुद्धा. अचानक फळीवरून आवाज यायचा, "अप्पा, गोळी घेतली का?" अप्पा दचकायचे. उत्तर कधी द्यायचे नाहीत. आम्ही लहान असताना त्यांनी आम्हाला बिनतारीचा खेळ शिकवला होता. मी एका खोलीत, उन्मेष दुसऱ्या खोलीत, हातात काड्यापेट्या. आपलं बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं, आणि समोरच्यानं ओव्हर म्हटलं की आपण बोललंच पाहिजे, गप्प बसायचं नाही. घरातल्या फोनवरही अप्पा सवयीनं ओव्हर म्हणायचे आणि आई हसायची. पडल्यापासून त्यांच्या तोंडी ओव्हर आलंच नव्हतं.

एकदा त्यांनी मल्लिनाथला कॅमेऱ्यावर टॉवेल टाकायला लावला. दोन मिनिटांत उन्मेषचा फोन. मला बोलला, मल्लिनाथला तर फारच बोलला. "टॉवेल टाकून काय करायचं होतं तुम्हाला?" असं विचारलं. मल्लिनाथनं टॉवेल काढला आणि घडी घालून ठेवला. पुन्हा कधी टॉवेलचं नाव निघालं नाही.

त्यानंतर कॅमेरा आपोआप जायला लागला.

मी काय नाही केलं? इंटरनेटवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "मॅडम, आजूबाजूला सगळ्यांचे वायफाय एकाच चॅनलवर आहेत, एकमेकांत घुसतायत." त्यानं चॅनल बदलून दिलं. दोन दिवसांनी कॅमेरा चालू झाला, मी निःश्वास टाकला, आणि पुन्हा गेला. मायक्रोवेव्हमुळं अडथळा येतो असं उन्मेषनं कुठंतरी वाचलं, म्हणून मी तो उचलून मागच्या खोलीत नेला. पासवर्ड बदलला. शेजारच्या घरी जाऊन, "तुमचा वायफाय जरा तासभर बंद ठेवता का?" असंही विचारून आले. त्या बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी साखर मागायला आले होते असं सांगून परत आले. दर वेळी काहीतरी केलं की एक-दोन दिवसांत चित्र यायचं आणि मला वाटायचं, सापडलं एकदाचं. मग परत काळा पडदा.

"लोक जॅमर लावतात हल्ली," उन्मेष म्हणाला. "छोटी वस्तू असते. खिशात मावते."

"मल्लिनाथच्या खिशात तंबाखूची डबी असते. तीही अप्पा मागून घेतात."

"चेष्टा करू नकोस, ताई. मी इथं बसून काय करू सांग? दिसेनासं झालं की माझ्या डोळ्यांसमोर ती मोरी येते. ते आत पडलेत आणि हाका मारतायत, असंच दिसतं. झोप लागत नाही मला."

मलाही तेच दिसायचं, फक्त मला ते कामावर बसून दिसायचं.

मग त्यानं शेवटचं सांगितलं. पुण्यात एक वृद्धांची संस्था बघितली होती, चोवीस तास नर्स, सगळीकडं कॅमेरे. "अजून एकदा असं झालं तर मल्लिनाथला काढायचं आणि अप्पांना तिथं न्यायचं. मी स्वतः येऊन नेतो." फोन स्पीकरवर होता. अप्पा खाटेवर होते. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

मी रजा टाकली. म्हटलं, एकदाचं घरी बसून बघू तरी काय होतं ते.

नेमकी त्याच आठवड्यात मोठी जलवाहिनी फुटली आणि पाणी येईचना. पिंपं तळाला गेली. मल्लिनाथ लांबच्या बोअरवरून कळशी-कळशी आणायचा, तेवढं प्यायला आणि भांड्यांना. आणि कॅमेरा? एकदम झकास. चित्र असं स्वच्छ की मोरीतल्या साबणावरचं नाव वाचता यावं.

अप्पांनी मात्र त्या आठवड्यात मल्लिनाथला अंगही पुसू दिलं नाही. ओल्या फडक्यानं निदान पाठ तरी पुसू द्या म्हटलं तरी नाही. खोलीत वास यायला लागला. मी दारात उभी राहून म्हटलं, "अप्पा, अहो कळशीभर पाणी आहे, तेवढ्यात होईल."

"नको."

"पाठीला जखमा होतील. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"तू जा बाहेर."

मल्लिनाथ मला म्हणाला, "राहू द्या ताई. पाणी आलं की करतील." आणि त्यानं एकदा फळीकडं बघितलं. मी तेव्हा ते मनावर घेतलं नाही.

उन्मेष खूश होता. "बघ," तो म्हणाला, "तू घरात आहेस तर आठवडाभर एकदाही गेला नाही. आता तरी पटलं?"

खरं सांगते, मला पटायला लागलं होतं. मल्लिनाथच्या जिवावर घर चाललेलं, आणि मी त्याच्याच हाताकडं, खिशाकडं, त्याच्या पिशवीकडं बघायला लागले. त्यालाही ते कळलं असणार. तो पिशवी मुद्दाम माझ्यासमोर ओट्यावर उघडी ठेवायला लागला.

मग एका सकाळी पाणी आलं. सगळ्या गल्लीत नळ्या आणि बादल्यांची धांदल उडाली. मल्लिनाथनं अप्पांच्या आंघोळीचं पाणी तापवून मोरीत ठेवलं आणि नळाला पाइप जोडून पिंपात सोडला. मी पॅसेजमध्ये स्टुलावर बसले, मोबाईलवर अप्पांची खोली उघडून. काय होतं ते माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. मल्लिनाथ माझ्यापासून हातभर अंतरावर पाइप धरून उभा. त्याचे दोन्ही हात मला दिसत होते.

पहिलं पिंप भरलं. चित्र थांबत थांबत यायला लागलं. दुसरं निम्म्याच्या वर गेलं आणि अप्पांचा उचललेला हात हवेतच अडकला. मग चौकोन चौकोन, आणि मग काळं.

मी मोबाईलकडं बघितलं, मल्लिनाथकडं बघितलं, मग पिंपांकडं. राउटर दिवाणखान्यात टीव्हीखाली होता. अप्पांच्या खोलीच्या दिवाणखान्याकडच्या भिंतीला आतून लोखंडी कपाट. म्हणजे वायफायला आत जायला वाट राहिली ती दाराची, आणि दाराला लागून ही दोन पिंपं. भरलेली.

"मल्लिनाथ, हे पिंप जरा सरकवू या," मी म्हटलं.

"भरलेलं बॅरल कुठं सरकतं ताई," तो हळूच म्हणाला.

मग मी राउटरच उचलला. वायर जेमतेम पुरली. तो हातात घेऊन दारात, पिंपांच्या अलीकडून पलीकडं गेले. चित्र आलं. परत मागं आले, गेलं. मी एकटीच हसायला लागले. इतके महिने जॅमर जॅमर करत होतो आणि जॅमर म्हणजे नळाचं पाणी. पाणी लहरी शोषून घेतं, बस्स. मल्लिनाथ वाचला, अप्पा वाचले, माझी नोकरी वाचली.

लगेच उन्मेषला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि सगळं सांगितलं.

"पिंपं पहिल्यापासून तिथंच होती?" त्यानं विचारलं.

"नाही. आधी मागच्या अंगणात होती."

"मग तिथं कुणी आणली?"

मी मल्लिनाथकडं बघितलं. मला वाटलं होतं, मोरीला पाणी जवळ पडावं म्हणून त्यानं आणली असतील. त्यानं पाइप खाली ठेवला.

"मी आणलो, साहेब."

"कधी?"

"ते टॉवेलचं झाल्यावर."

"का आणलीत? कॅमेरा बंद पडावा म्हणून?"

मल्लिनाथनं ओले हात पुसले. त्यानं 'नाही' म्हणावं म्हणून मी अक्षरशः त्याच्या तोंडाकडं बघत होते. एक 'नाही' म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं.

"होय साहेब," तो म्हणाला. "त्याच्यासाठीच आणलो."



"ऐकलंस ताई? ऐकलंस ना? आता मला काही सांगू नकोस. मल्लिनाथ, तुम्ही उद्यापासून यायचं नाही. आत काय करत होतात ते मला..."

"ज्योत्स्ना." आतून अप्पांचा आवाज आला. "फोन इकडं आण."

मी फोन घेऊन आत गेले. अप्पा खाटेवर उठून बसायची खटपट करत होते. मल्लिनाथनं मागून येऊन त्यांच्या पाठीला हात दिला. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि पूर्वी सेटवर बोलायचे तसा तोंडासमोर धरला.

"उन्मेष. पिंपं मी आणायला लावली."

"अप्पा, तुम्ही मधे पडू नका, तो माणूस..."

"मला बोलू दे. मल्लिनाथ नको म्हणत होता. म्हणत होता, साहेब मलाच धरतील. मी त्याला आईची शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही म्हणून. त्याला काय ठाऊक पाणी काय करतं ते. मला ठाऊक आहे. चाळीस वर्षं तेच केलंय."

अप्पांनी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"सकाळी मी आंघोळीला बसतो तेव्हा तुझं जेवण झालेलं असतं. तू बघत असतोस. फळीवरून आवाज येतो ना तुझा, म्हणून कळतं." अप्पा थांबले. धाप लागली होती त्यांना. "अरे, तुला मी या मोरीत आंघोळ घातलीय. घरात तुझी बायको असताना तू मला नागडं बघायचं? ती येत-जात असेल. पोरं असतील. पाणी आलं की दोन दिवस मला अंग धुता येतं. तेवढंच."

उन्मेष कसंबसं म्हणाला, "मी तसं बघत नव्हतो, अप्पा. तुम्ही त्या दिवशी एवढे तास पडून होतात आणि मला काही कळलंसुद्धा नाही. म्हणून फक्त..."

"माहीत आहे."

"मग मी काय करायचं होतं?"

"फोन करायचा. वर्ष होत आलं, तू ज्योत्स्नाला फोन करतोस, मल्लिनाथला करतोस. मला करत नाहीस. मी दिसतो ना, मग कशाला."

अप्पांनी फोन माझ्या हातात दिला आणि आडवे झाले. मला रडू यायला हवं होतं, पण मला भयंकर राग आला होता. उन्मेषचा नाही, अप्पांचा. मल्लिनाथ इतके महिने चोर ठरत होता आणि हे भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी तसं बोललेही. "त्याचं काम गेलं असतं, अप्पा. माझं गेलं असतं. तुम्हाला पुण्याला नेलं असतं. एकदा मला सांगायचं होतं."

"तुला कसं सांगायचं?" अप्पा म्हणाले. "तू मुलगी."

मल्लिनाथनं चादर त्यांच्या पायांवर ओढली. "झालं का अप्पा?" तो म्हणाला. "पाणी गार व्हायलंय."

मी बाहेर आले आणि दार लोटून घेतलं.

त्यानंतर मल्लिनाथनं पिंपं परत अंगणात नेली. कॅमेरा मी फिरवून दाराकडं आणि खाटेकडं लावला. मोरी त्यात येत नव्हती. मोरीत मी दोन्ही बाजूंना धरायला लोखंडी दांडे बसवून घेतले आणि मल्लिनाथशिवाय अप्पांनी तिथं पाऊल टाकायचं नाही असं ठरलं. हे सगळं मी उन्मेषला कळवलं. मल्लिनाथ दुसऱ्या दिवशी आला तेव्हा मी त्याला काय बोलावं हे ठरवत होते. "ताई, दूध नासलंय, चहा कोरा करू का?" एवढंच तो म्हणाला, आणि मी कर म्हटलं.

अप्पा पुढं दोन-अडीच वर्षं होते. मल्लिनाथही शेवटपर्यंत होता, त्यांना शेवटची आंघोळही त्यानंच घातली. उन्मेष तेव्हा विमानात होता. पण त्या दिवसापेक्षा मला आधीचाच एक रविवार जास्त आठवतो.

पिंपं हलवली त्याच आठवड्यातला. सकाळी घरातला जुना फोन वाजला. त्या नंबरवर आता कुणाचा फोन येत नसे. मी उचलला तर उन्मेष. मला "कशी आहेस" म्हणाला आणि लगेच, "अप्पांना देतेस?"

मी फोन लांब ओढून खाटेपर्यंत नेला. अप्पांनी रिसीव्हर कानाला लावला. त्यांची नुकतीच आंघोळ झाली होती, केस ओले होते. इतक्या दिवसांनी बोलायचं म्हणजे काय बोलायचं, हे दोघांनाही सुचत नसावं. मल्लिनाथ मोरी घासत होता, तोही थांबला.

शेवटी अप्पा म्हणाले, "तुमच्याकडं पाणी रोज येतं का रे?"

आणि थोडं थांबून म्हणाले, "ओव्हर."

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं लाइन गेली. मग रिसीव्हरमधून, अप्पांच्या कानाबाहेर सांडत, उन्मेषचा घोगरा आवाज आला.

"रोज येतं, अप्पा. ओव्हर."